‘ग्लिच’ म्हणजे बिघाड की उसळी?

भुसावळच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलं आहे: ‘नववीच्या मुलांसाठी न्यूट्रॉन ताऱ्यांवर टिपण करतेय. ताऱ्याचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग अचानक बदलतो, त्या ग्लिचला मी बिघाड लिहिलं. सहकारी म्हणतात, धक्का लिहा. काय बरोबर?’

ताई, दोन्ही नकोत. बिघाड डीपीत होतो, मोटारीत होतो. इथे काहीच बिघडलेलं नसतं. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर राधाकृष्णन (सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव) आणि मँचेस्टर यांना वेला स्पंदकात, म्हणजे ठरावीक काळाने रेडिओ स्पंदनं धाडणाऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्यात (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यात), हा प्रकार दिसला. 89 मिलिसेकंदांचा त्याचा फेरा एकाएकी सुमारे 0.2 मायक्रोसेकंदाने आखूड झाला होता. एरवी हे तारे हळूहळू मंदावत असतात; हा मात्र वेगावला!

‘धक्का’ही पटत नाही, कारण धक्का बाहेरून बसतो आणि वेलासारख्या ताऱ्यात कारण पोटात असतं. कवचाच्या आतले न्यूट्रॉन अतिप्रवाही असतात, त्यांना घर्षण नाही. कवच मंदावलं तरी ते जुन्याच वेगाने फिरत राहतात. त्यांच्यातले सूक्ष्म भोवरे कवचाच्या अणुकेंद्रकांत अडकून बसलेले असतात. दोन्ही वेगांतली तफावत फार वाढली की असंख्य भोवरे एकदम सुटतात आणि साठलेला कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) कवचाच्या वाट्याला येतो. अँडरसन आणि इतोह यांनी 1975 मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही सर्वांत जास्त मानली जाते.

म्हणून माझं मत ‘उसळी’ला. पाणी उसळतं, रक्त उसळतं, ते आतूनच. आणि रावेरकडे ‘केळीच्या भावाने उसळी घेतली’ म्हणतात तेव्हा भाव अचानक चढला, पुढे थोडाफार उतरेल, एवढं सगळं त्यात आलं. वेलाचंही तसंच: वाढलेल्या वेगातला काही भाग पुढच्या दिवसां-आठवड्यांत ओसरतो, काही टिकतो.

एक अडचण आहे. 2012 मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एका मॅग्नेटारचा (अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा) वेग अचानक घटला. त्याला उसळी कसं म्हणणार? ‘घसरण’ संथ वाटते. तिथे मी ‘गचका’ घेईन. गाडी गचकन थांबते, त्यातला.

टिपणात पहिल्या उल्लेखाला ‘गतिउसळी म्हणजेच ग्लिच’ असं लिहा, पुढे नुसतं ‘उसळी’ पुरे. अकरावीनंतर मुलांना इंग्रजी पुस्तकांत ग्लिचच भेटणार आहे, तेव्हा तो शब्दही त्यांच्या कानावर असू द्या.