इंजिन तापतंय, पण इम्पेलर तर नवा आहे!

प्रश्न: बोटीचं इनबोर्ड डिझेल इंजिन हळू चालवलं की ठीक असतं, पण थ्रॉटल वाढवला की दहा मिनिटांत टेम्परेचर चढतं. इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलेलं आहे. आता काय बघू?

उत्तर: आधी एक सांगा, जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याची सगळी पाती जागेवर होती का? कारण तुटलेलं पातं कुठे जात नाही हो, पाण्यासोबत पुढे सरकतं आणि हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारा नळ्यांचा भाग) तोंडाशी अडकून बसतं, मग हळू चालवताना पाणी पुरतं पण लोड आला की कमी पडतं, तुमचं लक्षण अगदी असंच आहे. तेव्हा इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एक्स्चेंजरचं झाकण उघडा, रबराचे तुकडे आणि नळ्यांमधला क्षार दोन्ही दिसतील. समुद्राच्या पाण्याचा गाळणीडबा आणि सीकॉकपण (बोटीत पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बघाच, पाणी अडायला प्लास्टिकची एक पिशवी पुरते.

हे सगळं साफ निघालं तर एक्झॉस्ट एल्बो (इंजिनचा धूर आणि पाणी एकत्र बाहेर नेणारा वाकडा पाइप) काढा, ही जागा बहुतेक जण विसरतात, आतून काजळी आणि मीठ साचून भोक बोटाएवढं उरतं. आणि प्लीज, गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.