वाचकांचे प्रश्न : फेअरिंगवरचे ग्राफिक्स वळणावरच का सुटतात?

प्रश्न : मे महिन्यात मी माझ्या मोटारसायकलच्या फेअरिंगवर (पुढच्या आणि बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर) रेडियमच्या दुकानातून कापून आणलेले व्हिनाइलचे ग्राफिक्स घरीच लावले. सपाट भागावर ते उत्तम बसले; पण हेडलाइटजवळच्या वळणावर आणि अगदी खालच्या कडेला पहिल्याच पावसात सुटू लागले. माल हलका होता, की लावताना माझे काही चुकले? सुटलेली टोके फेव्हिक्विकने चिकटवली तर चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : फेव्हिक्विक कृपया लावू नका. तो वाळल्यावर कडक होतो, आणि पुढे स्टिकर काढायची वेळ आली की रंगाचा पापुद्राही सोबत घेऊन येतो.

सपाट भागावरचा गोंद पावसात टिकला, म्हणजे दोष गोंदाचा नसून बहुधा ताणाचा आहे. दुकानात सर्रास मिळणारे व्हिनाइल रुळांमध्ये दाबून केलेले असते आणि त्या दाबाचा ताण त्याच्यात शिल्लक राहतो. वळणावर बसवण्यासाठी ते आणखी ओढले, तर ऊन लागताच ते मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते व कड उचलली जाते. कास्ट प्रकारचे व्हिनाइल द्रवरूपात पातळ पसरून वाळवलेले असते. त्याची जाडी साधारण ५० मायक्रॉन असते आणि ते फारच कमी आक्रसते. दोन्ही दिशांना गोलाई असलेल्या फेअरिंगसाठी तेच मागून घ्यावे, महाग पडले तरी.

खालच्या कडेचे कारण वेगळे असू शकते. तिथले प्लास्टिक रंग न दिलेले, काळे आणि दाणेदार आहे का, ते पाहा. असे भाग बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्यांवर साधा गोंद धरतच नाही. तसे असल्यास ग्राफिक्सची कड रंगवलेल्या भागातच संपवावी.

पुन्हा लावताना शक्य असेल तर फेअरिंग उतरवून घरात घ्या, कारण सोसायटीच्या पार्किंगमधली धूळ व्हिनाइलखाली गेली की तिथला फुगा कधीच बसत नाही. शिवाय पॅनेल हातात असले की कड आतल्या बाजूला ५-६ मिलिमीटर वळवता येते. पॅनेल साबणाने धुवावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि ते उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. गॅरेजमध्ये चमक आणण्यासाठी मारलेले सिलिकॉनचे पॉलिश या कामात सर्वांत जास्त नडते. पृष्ठभागावर पाणी शिंपडल्यावर त्याचे गोल थेंब होऊन घरंगळले, तर पुन्हा पुसावे.

लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून फवारले, की स्टिकर सरकवून जागेवर आणता येतो. त्यापेक्षा जास्त साबण गोंदाला मारतो. मात्र मागच्या बाजूला हवा निघून जाण्यासाठी बारीक जाळीदार खोबण्या असलेले व्हिनाइल कोरडेच लावायचे असते. मध्यापासून कडेकडे, कापड लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने पाणी बाहेर काढावे. जुलैच्या दमट हवेत ते वाळायला वेळ लागतो, म्हणून ट्रान्सफर टेप (कापलेली नक्षी एकत्र धरून ठेवणारी वरची चिकटपट्टी) सोलण्याची घाई करू नये, आणि सोलताना ती अंगावर न ओढता पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून मागे दुमडत न्यावी.

शेवटची पायरी घरी बहुतेक जण गाळतात. वळणावर ताणलेल्या भागाला हीट गनने साधारण ९० अंशांपर्यंत तापवले, की व्हिनाइल तो नवा आकार धरते. फेअरिंगचे एबीएस प्लास्टिक मात्र शंभरीच्या पुढे मऊ पडू लागते. तेव्हा गन एका जागी धरू नका, आणि नवखे असाल तर एखाद्या जुन्या तुटक्या पॅनेलवर आधी हात बसवा.

सध्याचा स्टिकर काढताना तो कोमट करून हळूहळू सोलावा. थिनर वापरू नये; तो एबीएस खातो.

प्रश्न : संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे व्हिनाइल लावल्यास आरटीओची परवानगी लागते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पट्टे किंवा नक्षी असेल आणि मूळ रंग दिसत असेल, तर सहसा प्रश्न येत नाही. पण गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो आणि नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. म्हणून पूर्ण रंग बदलणार असाल, तर काम सुरू करण्यापूर्वीच आपल्या आरटीओत लेखी विचारणा करावी; एमएच ०४ असेल तर ठाण्याला, एमएच ४३ असेल तर नवी मुंबईला. लष्करी ऑलिव्ह ग्रीन मात्र निवडू नका, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवलेला आहे.