क्लॅटसाठी, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेसाठी, क्लासमध्ये पाच हजार इंग्रजी शब्दांची यादी दिलीय, पाठ केलेलं आठवड्यात विसरतो. मराठी माध्यमातला आहे. काय करू?

यादी बंद कर. क्लॅटमध्ये २०२० पासून सुटे शब्द विचारतच नाहीत. साडेचारशे शब्दांचा उतारा देतात आणि त्यात अमुक शब्द कुठल्या अर्थाने आलाय ते विचारतात. १२० पैकी इंग्रजीचे प्रश्न २२ ते २६, पण कायदा, चालू घडामोडी, तर्क हे सगळंही उताऱ्यांवरच. म्हणजे दोन तास वाचायचंच आहे.

मी बार्शीची, दहावीपर्यंत मराठी शाळेत. पुण्यात क्लास लावला तिथे रोज सकाळी सर यादीतले शब्द विचारायचे, नाही आलं की उभं राहायचं. उभी राहणारी बहुतेक आम्ही मराठी माध्यमाचीच. एकदा मला ‘एंटरटेन’ विचारला. आदल्याच दिवशी बातमीत वाचलं होतं की कोर्टाने याचिका ‘एंटरटेन’ करायला नकार दिला, म्हणून मी सांगितलं, सुनावणीला घेणे. सर म्हणाले, चूक, यादीत ‘करमणूक करणे’ आहे, उभी राहा. मी म्हणाले, सर, कायद्याच्या परीक्षेत माझाच अर्थ येणार. ते त्यांच्या मनाला लागलं असावं. पुढे आई फीचा हप्ता भरायला आली तेव्हा तिच्यासमोर म्हणाले, “मराठी मीडियमची आहे, हिच्याकडून क्लॅट होणार नाही, राज्याच्या सीईटीचं बघा.” आई तिथे काही बोलली नाही. स्वारगेटला एसटीची वाट बघताना मात्र तिने विचारलं, “तुला काय वाटतं?” मी म्हणाले, होईल, पण माझ्या पद्धतीने. तिने परत तो विषय काढला नाही.

पद्धत म्हणजे इतकीच. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख. अडलेला शब्द सुटा नाही लिहायचा, त्याचं अख्खं वाक्य वहीत उतरवायचं. अर्थ आधी आपण ठरवायचा, मग डिक्शनरी उघडायची. तोच शब्द पुन्हा दुसरीकडे भेटला की ते वाक्य पहिल्याच्या खाली. ज्याच्याखाली तीन-चार वाक्यं जमली तो शब्द परत विसरला जात नाही, कारण तो प्रत्येक वेळी वेगळ्या कामात दिसलेला असतो. रविवारी अर्थ झाकून नुसती वाक्यं वाचायची. सुरुवातीला एका अग्रलेखाला तास जाईल, जाऊ दे.

नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात मला प्रवेश मिळाला तो या वहीवर. तिथे माझ्यासारखी मराठी शाळेतून आलेली आणखीही मुलं होती. माध्यमावरून मुलांची लायकी ठरवणाऱ्यांनी शिकवूच नये, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

हां, एनडीएची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीची परीक्षाही देणार असशील तर गोष्ट वेगळी. तिथे इंग्रजी २०० गुणांचं आहे आणि समानार्थी-विरुद्धार्थी थेट विचारतात, तेव्हा थोडी यादी लागेल. पाच हजारांची तरीही नाही.

आणि क्लासमध्ये कुणी यादीसाठी उभं केलंच, तर क्लॅटचे जुने पेपर ती परीक्षा घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्शियमच्या वेबसाइटवर फुकट आहेत. एक छापून ने आणि सरांना विचार, यातला कुठला प्रश्न यादीतून सुटतो ते दाखवा.