टेस्ट नंतर, आधी पेशंटची फाइल

अगं, मेल वाचला तुझा. रेडिओथेरपीचा त्रास कोणाला जास्त होणार ते आधीच पेशींच्या टेस्टवरून सांगता येईल का, यावर पीएचडी करायचीये म्हणतेस, कर की, विषय भारी आहे. एकच मशीन, तोच डोस, तसंच प्लॅनिंग, तरी एकीचं स्तन दोन-तीन वर्षांनी कडक होतं आणि दुसरीला काहीच होत नाही, म्हणजे पेशंटच्या अंगातलंही काहीतरी असणारच. आई-वडील दोघांकडून एटीएम जीनची (तुटलेला डीएनए दुरुस्त करायला लागणारा जीन) बिघडलेली कॉपी आली (अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा आजार) तर नेहमीचा डोससुद्धा जिवावर बेततो. पण असे पेशंट अगदी विरळा, तुला भेटणार ते सगळे मधल्या गर्दीतले, आणि खरी पंचाईत तिथेच आहे.

१९९० च्या आसपास लोक त्वचेचा तुकडा घेऊन त्यातले फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणाऱ्या पेशी) वाढवायचे, २ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) द्यायचे आणि किती पेशी जगून वाढतात, कॉलनी करतात ते मोजायचे. थोड्या पेशंटवर रिझल्ट झकास आले, मोठ्या ग्रुपवर केलं तर संबंध दिसेचना. शिवाय त्यात कित्येक आठवडे जातात, तोवर कॅन्सर थांबतो होय!

मग रक्तातले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आले. फ्रान्समध्ये माँपेलिएच्या डेव्हिड आझ्रिया यांच्या टीमचं काम नीट वाच, रक्ताला ८ ग्रे द्यायचे आणि ४८ तासांनी फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून तपासणारं मशीन) सीडी८ पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, किती मेल्या ते बघायचं. २०१५ साली ब्रेस्ट कॅन्सरच्या ५०२ पेशंटचा मल्टिसेंटर अभ्यास आला, आणि निकाल ऐकून पहिल्यांदा सगळेच गोंधळतात, कारण ज्यांच्या पेशी जास्त मेल्या (१२ टक्के आणि वर) त्यांना फायब्रोसिस, म्हणजे तेच स्तन कडक होणं, कमी झालं. आकडा मोठा आला तर बऱ्यापैकी निर्धास्त राहता येतं, पण लहान आला म्हणजे त्रास होणारच असं नाही, हे पेशंटला सांगताना जीभ सांभाळायची.

आता माझं ऐक. तू सगळा वेळ फ्लो सायटोमीटरपाशी घालवशील हे मला दिसतंय. पण फायब्रोसिसची ग्रेड कोणी दिली, किती वर्षांनी दिली, देणाऱ्याला लॅबचा आकडा माहीत होता का, बाई तंबाखू ओढते का, डायबेटिस आहे का, हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे फाइलमध्ये नसेल तर तुझ्या ग्राफला काही अर्थ नाही. ट्रीटमेंट चालू असताना होणारी लाली आणि वर्षांनंतरचं फायब्रोसिस एकाच रकान्यात तर टाकूच नकोस, दोन्हींची बायॉलॉजी वेगळी.

दुसरं म्हणजे एकाच डोनरचं रक्त वेगवेगळ्या दिवशी घेऊन टेस्ट रिपीट कर. त्याच माणसाचे आकडे आपापसात जेवढे हलतात तेवढाच फरक दोन माणसांत येत असेल तर तिथेच थांब, पुढचे पैसे घालवू नकोस. गाइड म्हणतील आधी सॅम्पल गोळा करू, हे नंतर बघू. तेव्हा गोड बोलून अडून बस.

प्रोटोकॉल झाला की पाठव, ग्रेडिंगचं पान मी पहिलं उघडणार.