जबड्यात पायाचं हाड बसवलंय, रेडिएशनही झालंय. आता इम्प्लांट करावेत का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी फाइल काढून बसलो. तुम्ही लिहिलंय ते जवळजवळ माझंच आहे. बाबा 58 वर्षांचे, खालच्या हिरडीचा कॅन्सर, डाव्या बाजूचा जबडा काढून तिथं पायाचं हाड बसवलं, मग तीस दिवस रेडिएशन, ते संपून पाच महिने झाले. आता गावातले डेंटिस्ट म्हणतायत की हाड छान धरलंय, महिन्याभरात इम्प्लांट (नवे दात धरायला हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) टाकू, आणि त्याच दिवशी शेजारची हलणारी दाढही काढू. हे करावं का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता नको. इम्प्लांट तर नकोतच, पण त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे ती दाढ कुणालाही काढू देऊ नका. बाबांना कधीच दात बसणार नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. माझ्या तोंडात बसलेत आणि मी त्यांनी जेवतो.

मी कोल्हापूरचा, आयुष्यभर लेथवर काम केलेला टर्नर. डॉक्टर नाही. तंबाखू-चुन्याची गोळी पंचवीस वर्षं डाव्या गालात धरली. 2016 साली मुंबईत ऑपरेशन झालं, 2017 च्या सुरुवातीला रेडिएशन संपलं, आणि दात मिळाले 2019 च्या शेवटी. मधल्या पावणेतीन वर्षांत जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की बाबांच्या जबड्यात आता दोन हाडं आहेत. एक त्यांचं मूळचं, दुसरं पायातून आणलेलं. बाहेरून जबडा एकच दिसतो, पण रेडिएशननंतर ही दोन हाडं वेगवेगळी वागतात, आणि इम्प्लांटबद्दलचा प्रत्येक निर्णय आपण कोणत्या हाडाबद्दल बोलतोय यावर ठरतो. हे मला कुणी सुरुवातीला समजावलं असतं तर माझं पाऊण वर्ष वाचलं असतं.

पायातलं हे हाड म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, म्हणून हे काढलं तरी माणूस चालतो. गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा तुकडा जागेवर ठेवून मधलं हाड काढतात. ते काढताना सोबत त्याची रक्तवाहिनी आणि बरेचदा वरची कातडीही घेतात. मानेतल्या रक्तवाहिनीला ही वाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली जोडली की हाड जिवंत राहतं. मेलबर्नचे सर्जन इयन टेलर यांनी 1975 मध्ये असं जिवंत फिब्युला हाड पायातल्या पायात वापरलं होतं. जबड्यासाठी ते वापरल्याचं न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आज जगभर ही पद्धत रूढ आहे. हाडाला ठरावीक ठिकाणी काप देऊन, तुकडे जुळवून जबड्याचा बाक तयार करतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने धरतात. आमच्या वर्कशॉपमध्ये सरळ पाइपला व्ही काप देऊन वाकवतात, तेच हे.

इम्प्लांटच्या दृष्टीने या हाडाची बाहेरची भिंत जाड आणि टणक असते, स्क्रू पहिल्या दिवसापासून घट्ट पकडतो. टायटॅनियम आणि हाड एकजीव होतात हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं तेही 1950 च्या दशकात, सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेना तेव्हा. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. पायाचं हाड आणि टायटॅनियम ही जोडी जुनी आहे, हे वाचून मला त्या काळात फार धीर आला होता.

आता रेडिएशनचं. आमच्याकडे सगळे त्याला 'लाइट' म्हणतात. मला तीस दिवसांत 60 ग्रे दिले होते (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप). बाबांच्या कागदावरही साधारण असाच आकडा असेल. त्या किरणांनी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बुजत जातात. हाड दिसायला तसंच राहतं, पण जखम झाली तर भरून काढायची ताकद कमी होते. हे महिन्या-दोन महिन्यांत सुधारत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. खालच्या जबड्याच्या मूळ हाडाला रक्तपुरवठा आधीच बेताचा असतो, त्यामुळे सगळ्यात मोठा धोका तिथंच. पायाच्या हाडालाही किरणं लागलेली असतातच, तिथं इम्प्लांट न धरण्याचं प्रमाण रेडिएशन न झालेल्या हाडापेक्षा जास्त असतं. पण न धरलेला इम्प्लांट काढता येतो. मूळ जबड्याचं हाड उघडं पडलं तर ती वेगळीच लढाई असते.

ती मी लढलोय. रेडिएशन संपून आठ महिने झाले होते, नव्या हाडाच्या शेजारची माझी मूळची दाढ ठणकायला लागली. इथल्याच एका डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी किती ग्रे, कुठल्या भागाला, काहीही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण दात काढणं ही काय सांगण्यासारखी गोष्ट असते असंच मला वाटायचं. दाढ पाच मिनिटांत निघाली. तीन आठवड्यांनी तिथं खड्डा तसाच, तळाशी पिवळट खडबडीत हाड दिसतंय, जिभेला टोचतंय. तोंडाला वास. बायको काही बोलायची नाही, पण ताट वाढून लांब बसायची, तेव्हा कळलं वास किती येत असेल. कॅन्सर परत आला असं धरून मी मुंबई गाठली. तिथं तपासून सांगितलं की कॅन्सर नाही, रेडिएशनने कमजोर झालेलं हाड मेलंय. मेलेलं हाड थोडं थोडं खरवडून काढणं, अँटिबायोटिक, रक्ताभिसरण सुधारणारी एक गोळी, सोबत व्हिटॅमिन ई, दिवसातून चार वेळा गुळण्या. नऊ महिन्यांनी हिरडी वरून मिटली. माझं नशीब चांगलं, जबडा मोडला नाही. काहींचा मोडतो आणि दुसऱ्या पायातलं हाड काढावं लागतं.

म्हणून बाबांच्या दाढेबद्दल इतकं निक्षून लिहितोय. ती हलत असेल, दुखत असेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथल्या दंतविभागात दाखवा. पुष्कळदा दात न काढता त्याचं रूट कॅनाल करून, वरचा भाग घासून मूळ तसंच ठेवतात. काढावाच लागला तर कमीत कमी इजा करून, टाके घालून, औषधांच्या संरक्षणाखाली काढतात. ते काम तिथल्याच लोकांना करू द्या.

कुणी तुम्हाला हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या (बंद खोलीत जास्त दाबाखाली ऑक्सिजन घ्यायचा) वीस-तीस बैठका घ्या, मग दाढ काढणं आणि इम्प्लांट दोन्ही सुरक्षित, असं सांगेल. मलाही सांगितलं होतं आणि मी कर्ज काढायच्या तयारीत होतो. पण ब्रिटनमध्ये नेमक्या याच प्रश्नावर चाचणी झाली: रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्यात दात काढणं किंवा इम्प्लांट बसवणं, अर्ध्यांना ऑक्सिजन, अर्ध्यांना नाही. निष्कर्ष 2019 मध्ये आले. दोन्ही गटांत साधारण सहा टक्के लोकांचं हाड खराब झालं, ऑक्सिजनने फरक पडला नाही. तो पैसा नीट इम्प्लांट करणाऱ्या माणसासाठी राखून ठेवा.

थांबायचं किती? रेडिएशननंतर निदान सहा महिने ते वर्षभर, असं बहुतेक ठिकाणी मानतात. माझ्या डॉक्टरांनी दोन वर्षं थांबवलं, कारण मधे हाडाचं प्रकरण झालं होतं, आणि हा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी बरोबर केलं. इम्प्लांट पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच, रेडिएशनच्या आधी टाकण्याचीही पद्धत आहे. तेव्हा हाड ताजं असतं, आणि रेडिएशन सुरू होईपर्यंत काही आठवडे मिळतात. बाबांची ती वेळ गेली. पण हे उत्तर ज्यांच्या घरी ऑपरेशन अजून व्हायचंय असं कुणी वाचत असेल तर त्यांनी आजच सर्जनला विचारावं: हाड बसवणार की फक्त छातीचं मांस? हाड असेल तर पुढे दात बसतील अशा जागी ठेवाल का? दंतविभागाचे डॉक्टर ऑपरेशनआधी बघतील का, आणि खराब दात रेडिएशनच्या आधीच काढाल का? आपल्याकडे बऱ्याच लोकांचा मागचा जबडा काढून छातीच्या मांसाने भरतात, तिथं हाडच नसतं, आणि तीन वर्षांनी इम्प्लांटसाठी आल्यावर ते कळतं.

माझं काम असं झालं. सीटी स्कॅनवरून चार इम्प्लांट कुठे घालायचे ते ठरवलं, सगळे पायाच्या हाडात. मूळ जबड्यात एकही घातला नाही. पट्टीचे दोन स्क्रू आडवे येत होते, ते काढले. सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवले. उघडले तेव्हा चारपैकी एक धरलेलाच नव्हता, हाताने फिरला. तीन घट्ट होते.

यात ज्या गोष्टीबद्दल कुणीच आधी बोलत नाही ती म्हणजे कातडी. तोंडात माझ्या पायाची कातडी आहे. ती जाड, मऊ, हलती. हिरडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, ही कातडी चिकटत नाही. इम्प्लांटभोवती ती हलत राहते, खाली अन्न जातं, सुजते, लाल मांस वर येतं. म्हणून डॉक्टरांनी ती आतून पातळ केली आणि तोंडातल्या टाळूचा एक पातळ तुकडा काढून इम्प्लांटभोवती लावला. ही शस्त्रक्रिया लहान, पण टाळू पंधरा दिवस इतका हुळहुळत होता की पाणीसुद्धा नको वाटायचं. बाबांना इम्प्लांट सुचवणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न विचारा: कातडीचं काय करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथं करू नका.

दुसरी अडचण उंचीची. दात असलेल्या जबड्याची उंची तीन सेंटीमीटरच्या आसपास, पायाचं हाड त्याच्या निम्मं. म्हणजे वरच्या दातांपर्यंत पोहोचायला दात उंच करावा लागतो. लेथच्या छोट्या चकमध्ये (पकडीत) लांब तुकडा धरला तर टोकाला थोडा जोर लागला तरी मुळाशी किती ताण येतो हे कुठलाही टर्नर सांगेल. काही ठिकाणी हाड दुमडून दोन थर लावतात. माझं एकेरी होतं, म्हणून सुटे फिक्स दात न देता तिन्ही इम्प्लांट एका धातूच्या बारने जोडले आणि त्या बारवर टचकन बसणारी कवळी दिली. ती मी रात्री काढतो, बारखाली बारीक ब्रश फिरवतो. काढता येते याचा आणखी एक फायदा आहे: तपासणीला गेलो की डॉक्टरांना खालची जागा मोकळी दिसते. बाबांनाही 'फिक्स'चा आग्रह नको. इम्प्लांट, बार, कवळी मिळून माझे दीड लाखाच्या वर गेले. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी जाऊन बसा, ट्रस्टची मदत तिथूनच कळते.

आता खाण्याचं. ज्वारीची कडक भाकरी मला अजून येत नाही. मऊ भाकरी आमटीत कुस्करून, चपाती, भात, शिजलेली भाजी, उकडलेलं अंडं, बारीक केलेलं मटण हे येतं. डाव्या ओठाला संवेदना नाही, कारण ती नस जबड्याबरोबर गेली. भाताचं शीत हनुवटीला चिकटलं तर नातीने सांगितल्यावर कळतं. नव्या दातांनाही दाब कळत नाही, त्यामुळे खडा लागला तरी समजत नाही. लाळ कमी, म्हणून प्रत्येक घासाला पाणी. पण बोलणं सुधारलं. 'स' आणि 'फ' पुन्हा नीट येतात. गालाला आतून आधार मिळाला, लाळ गळणं थांबलं. आणि मी लग्नात पंगतीला बसतो. तीन वर्षं बसत नव्हतो, मिक्सरमधून काढलेल्या जेवणाचं पातेलं घेऊन आतल्या खोलीत जेवायचो. माझ्या दृष्टीने सगळ्या खर्चाचं मोल यात वसूल झालं.

हे सगळ्यांना जमतंच असं नाही. माझ्याबरोबर वॉर्डमध्ये असलेल्या एकाची जीभही अर्धी गेली होती, त्यांना दात देऊन उपयोग नव्हता कारण घास दातांखाली ढकलायला जीभच नव्हती. बाबांनी तंबाखू पूर्ण सोडली असेलच, पण मिश्री किंवा सुपारी तरी चालू नाही ना, हे प्रेमाने विचारा. चालू असेल तर आधी ते बंद.

तुम्ही आत्ता काय करू शकता ते लिहितो. रेडिएशनच्या विभागातून डोसचा नकाशा मागा. इम्प्लांटच्या प्रत्येक जागी किती ग्रे लागलेत ते त्यावरून कळतं. तो आणि ऑपरेशनचा कागद मिळून एक फाइल करा, आणि कोणत्याही डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी ती बाबांच्या हातात द्या. नवा ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे काढून घ्या.

आणि तोंड. रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू आखडत जातात. आज ना उद्या इम्प्लांट घालायचे तर ड्रिल आत जायला जागा लागते. तोंड उघडत नसेल तर जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. मला आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला लावल्या होत्या, दिवसातून पाच-सहा वेळा, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. बाबांना आज रात्री तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायला सांगा. दोनच गेली तर ज्या थेरपिस्टनी व्यायाम शिकवले त्यांना विचारून उद्यापासून काड्या सुरू करा.