सरकार जैवऊर्जा उद्योगाला खरंच हात देतं का?

‘देशात जैवऊर्जेचा उद्योग उभा राहावा म्हणून सरकार नेमकं काय करतं, की सगळी अनुदानं कागदावरच?’ असं तुम्ही विचारलंय. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे माझ्या उत्तराला मळीचा वास येणारच.

अनुदान जरा वेळ बाजूला ठेवा. आधी बघा, माल घेणार कोण आणि कोणत्या भावाने.

पेट्रोलमध्ये इथेनॉल (मळीपासून, उसाच्या रसापासून किंवा धान्यापासून काढलेलं स्पिरिट) मिसळायचे पहिले प्रयोग २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेलीला झाले. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण जाहीर झालं. आणि २०१३-१४ मध्ये देशभरातलं प्रत्यक्ष मिश्रण किती? जेमतेम दीड टक्का! भावाचा भरवसा नव्हता, आणि स्पिरिटला दारूवाले नि केमिकलवाले गिऱ्हाईक होतेच. मग तेल कंपन्यांच्या दारात कोण जाईल? डिसेंबर २०१४ पासून केंद्राने खरेदीचा भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. २०१८ ला कच्च्या मालानुसार वेगवेगळे भाव आले, जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजात सवलत मिळू लागली: ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मं, जे कमी असेल ते, पाच वर्षं.

यातली खरी मेख वेगवेगळ्या भावांत आहे. साखर पूर्ण काढून घेतल्यावर उरते ती सी-हेवी मळी. तिच्यातून टनभर उसामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं. थोडी साखर मळीतच सोडली की ती बी-हेवी, तिच्यातून साधारण दुप्पट. आणि साखर केलीच नाही, थेट रस घेतला, तर सत्तर लिटरच्या आसपास. २०२२-२३ चे भाव होते लिटरला अनुक्रमे ४९.४१, ६०.७३ आणि ६५.६१ रुपये. जितकी साखर सोडाल तितका चढा भाव. शिवाय साखरेची पोती गोदामात महिनोन्‌महिने पडून राहतात आणि बँकेचं व्याज चढत राहतं, तर टँकर डेपोत रिकामा झाला की साधारण तीन आठवड्यांत पैसे. शेतकऱ्याचं एफआरपीचं (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावाचं) बिल वेळेवर काढायला याचा किती आधार झाला, ते आमच्या अकाउंट्सवाल्यांना विचारा. जून २०२२ मध्ये देश १० टक्के मिश्रणावर पोचला, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

पण भाव ठरवणारा जो, नळ बंद करणाराही तोच. २०२३ चा पाऊस महाराष्ट्र-कर्नाटकात दगा देऊन गेला, साखर कमी पडेल अशी धास्ती दिल्लीला वाटली, आणि ७ डिसेंबरला आदेश आला: रस आणि सिरप (आटवलेला रस) यांपासून इथेनॉल करायचं नाही. ऐन गाळप हंगामात! आमचे फर्मेंटर, म्हणजे आंबवायच्या टाक्या, सिरपवर भरलेले होते. शिफ्टची पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती, मी फोनकडे. आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी मिळाली, पूर्ण निर्बंध उठायला मात्र ऑगस्ट २०२४ उजाडला. शहरात साखर महाग होऊ नये, हे सरकारचं म्हणणं मला चूक वाटत नाही. पण कर्ज काढून बसलेल्या कारखान्याने काय करायचं, याचं उत्तर त्या आदेशात नव्हतं.

दुसरं दुखणं याहून मोठं. एफआरपी २०२२-२३ ला टनाला ३,०५० रुपये होती, २०२४-२५ ला ३,४०० झाली. बी-हेवी आणि रसाच्या इथेनॉलचे भाव मात्र त्याच आकड्यांवर थांबले. दरम्यान मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये मिळू लागले, आणि उसासाठी बांधलेल्या डिस्टिलऱ्या आता धान्यावर चालवता येतील का, याची गणितं सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांना त्यासाठीही व्याज सवलत आली. मका महागल्यामुळे कोंबडीवाल्यांनी बोंब मारली ती वेगळीच.

गिऱ्हाईक नसलं की काय होतं ते मोगली एरंडाने दाखवलंय. बायोडिझेलच्या नावाखाली माळरानावर लावा म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. आज त्याची कुंपणं तेवढी दिसतात. शेणा-कचऱ्यापासूनच्या सीबीजीचंही (दाबून भरलेल्या बायोगॅसचंही) तसंच चाललं होतं. २०१८ च्या ‘सतत’ योजनेत ५,००० प्रकल्पांचं लक्ष्य होतं, उभे राहिले त्याच्या पासंगालाही नाहीत. आता २०२५-२६ पासून शहरांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर १ टक्का सीबीजी मिसळायचं बंधन आलंय, ते २०२८-२९ ला ५ टक्के होईल. मला त्या योजनेपेक्षा या बंधनाकडून जास्त अपेक्षा आहे.

थेट अनुदान हवंच असेल, तर नोव्हेंबर २०२२ चा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम आहे, पहिल्या टप्प्याला (२०२५-२६ पर्यंतच्या) ८५८ कोटींचा. त्यात पेलेट-ब्रिकेटच्या (शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या-विटांच्या) प्रकल्पाला ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख, कमाल ४५ लाख अशी मदत ठरवली होती. औष्णिक केंद्रांना कोळशात पेलेट मिसळायची सक्ती आहे, म्हणजे गिऱ्हाईकही आहे. तुमच्या मनात असलं काही असेल, तर अर्ज भरण्याआधी जवळच्या वीज केंद्राची पेलेटची निविदा मागवा, आणि सोयाबीनचा भुसा, तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या पावसाळ्यात कोरड्या कुठे ठेवणार ते ठरवा.