एकच जागा धरून बस

प्रिय,

तुझी लँडस्केप्स बघितली. हात छान चालतो तुझा, वॉश (पातळ रंगाचे थर) स्वच्छ पडतात, कुठे रंगांचा चिखल नाही. पण खरं सांगू का, प्रत्येक चित्र वेगळ्या ठिकाणचं आहे आणि एकाही ठिकाणी तू दुसऱ्यांदा गेला असशील असं वाटत नाही.

घरापासून चालत जाता येईल अशी एक साधी जागा धर. बोअरिंग असली तरी चालेल, उलट तशीच बरी, कारण सुंदर जागा तुला आयतं चित्र देते आणि मग तू काही शोधतच नाहीस. फ्रेंच चित्रकार सेझाननं 1906 मध्ये मुलाला लिहिलं होतं की इथे नदीकाठी महिनोन्‌महिने काम करता येईल, जागा न सोडता, फक्त जरा उजवीकडे नाहीतर डावीकडे झुकलं की नवा विषय मिळतो. तेव्हा तो 67 वर्षांचा होता, म्हणजे नवखेपणाचा उत्साह वगैरे नाही हा! (पुढच्याच महिन्यात बाहेर काम करताना पावसात सापडला आणि त्यातच गेला, हट्टी माणूस.)

आता दूरची झाडं फिकट, निळसर दिसतात हे तुलाही पाठ आहे, मधल्या हवेत प्रकाश विखुरतो म्हणून, पण मोठा पाऊस पडून गेला की तीच झाडं एकदम जवळ सरकल्यासारखी दिसतात आणि कोरड्या धुळीच्या दिवसांत पार पुसली जातात, आणि हे किती होतं ते तुझ्याच जागेवर वर्षभर जाऊन कळणार. फोटोवरून नाही कळत. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो नाहीतर आकाश पांढरं, आणि तू तेच इमानदारीत कॉपी करतोस, तुझ्या सावल्यांत रंगच नाहीत बघ.

इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलनं 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे ढीगभर स्टडी (अभ्यासाची चित्रं) केले आणि त्यातल्या बऱ्याच कागदांमागे तारीख, वेळ, वारा कुठून होता हे लिहून ठेवलं. तूही लिही. छोटे कागद ने, अर्ध्या तासात थांब, कारण तेवढ्यात सावल्या सरकतातच आणि मग तू दोन वेगवेगळ्या वेळा एकाच चित्रात कोंबतोस. ट्यूबमधला हिरवा काही दिवस घरीच ठेव, निळा-पिवळा मिसळून बघ.

पुढच्या वेळी फिनिश केलेलं काही पाठवू नकोस. एकाच जागेची स्केचेस पाठव, फसलेली पण.